गर्भपातानंतर पुन्हा: थांबायचं, तर कशासाठी?

गर्भपात झाल्यावर दवाखान्यातून घरी जाताना बहुतेक जोडप्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आता पुन्हा कधी? तो विचारायचं धाडस होत नाही. विचारलाच तर कुणी म्हणतं सहा महिने थांबा, कुणी म्हणतं तीन पाळ्या जाऊ द्या. घरी पोचल्यावर एखादी मोठी बाई सांगते, ‘पिशवी कच्ची असते, वर्षभर विचारसुद्धा करू नका.’ दुसऱ्या घरात याच्या अगदी उलट ऐकू येतं: ‘लगेच दिवस राहिले की बरं, मागचं विसरायला होतं.’ ही सगळी उत्तरं काळजीपोटीच दिलेली असतात, पण त्यांत ‘का’ कुठेच नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की थांबायला सांगितलं तर कशासाठी ते विचारा. खरं कारण असेल तर त्याला मुदत असते आणि बहुतेकदा उपायही असतो. कारण नसेल, तर थांबायचं की नाही हा निर्णय तुम्हा दोघांचा.

सहा महिन्यांचा आकडा आला कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांना बोलावून दोन बाळंतपणांतल्या अंतराचा विचार केला, तेव्हा गर्भपातानंतर किमान सहा महिने जाऊ द्यावेत अशी शिफारस झाली. तिचा आधार मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी होता, आणि त्या नोंदींत आपोआप झालेले आणि करवून घेतलेले गर्भपात वेगळे काढता येत नव्हते. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पहिल्या गर्भपातानंतर सहा महिन्यांच्या आत ज्यांना दिवस राहिले, त्यांच्यात पुन्हा गर्भपात होण्याचं प्रमाण उशिरा दिवस राहिलेल्यांपेक्षा कमी निघालं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासातही तीन महिन्यांच्या आत प्रयत्न सुरू करणाऱ्या जोडप्यांना मूल होण्याचं प्रमाण कमी आढळलं नाही, उलट थोडं जास्तच होतं. यावरून ‘घाई केली की फायदा होतो’ असं मात्र समजू नका. ज्यांना लवकर दिवस राहतात त्यांची प्रकृती मुळातच अनुकूल असू शकते. या अभ्यासांतून हाती येतं ते इतकंच, की पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या साध्या गर्भपातानंतर थांबला नाहीत म्हणून बाळाचं किंवा तुमचं नुकसान होत नाही.

साधा गर्भपात म्हणजे पिशवी पूर्ण रिकामी झाली आहे, ताप नाही, जंतुसंसर्ग नाही आणि रक्तस्राव थांबला आहे. रक्तस्राव थांबेपर्यंत संबंध ठेवू नयेत, कारण तोवर पिशवीत जंतू शिरण्याचा धोका असतो. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. ‘एक पाळी येऊ द्या’ असं अनेक डॉक्टर सांगतात ते मुख्यतः तारखेचा हिशेब नीट लागावा म्हणून. पाळी न येताच दिवस राहिले तरी घाबरू नका, सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून गर्भाचं वय काढता येतं. मात्र आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही, किंवा पिशवी धुतल्यानंतर पाळीचा स्राव अगदी नावालाच यायला लागला, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पिशवीचं अस्तर आतून एकमेकांना चिकटल्याचं ते लक्षण असू शकतं. दुर्बिणीतून हे दिसतं आणि त्यावर उपचारही होतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गर्भपातानंतर अवघ्या दोन आठवड्यांत बीज सुटू शकतं. तुम्हाला आत्ता दिवस राहायला नको असतील तर पाळीची वाट न पाहता पहिल्याच संबंधापासून साधन वापरा.

घरी किटवर तपासणी करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की आधीच्या गर्भाचं एचसीजी हार्मोन अंगातून जायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर किटवर दुसरी रेघ दिसली तर ती नवी की जुनी हे सांगता येत नाही. बीज सुटण्याचा दिवस दाखवणाऱ्या पट्ट्याही याच कारणाने फसव्या ठरतात. साधारण तीन आठवड्यांनी एकदा किट करून ते निगेटिव्ह आल्याची खात्री करून घ्या. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर पिशवीत काही राहून गेलं आहे का, हे पाहावं लागतं.

आता थांबण्याची खरी कारणं. ती समजायची असतील तर आधी तुमचे कागद एकत्र करा: डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगट आणि पिशवीतून काढलेला भाग तपासायला पाठवला असेल तर त्याचा अहवाल. आपल्याकडे हा शेवटचा अहवाल आणायला पुष्कळदा कुणी जातच नाही. दुःखात ते राहून जातं, त्यात दोष काही नाही. पण तो आणा, कारण द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशींची द्राक्षाच्या घोसासारखी वाढ, होता की नाही हे त्यातूनच नक्की कळतं. द्राक्षगर्भ असेल तर थांबणं अत्यावश्यक आहे, आणि त्याचं कारण अगदी स्पष्ट आहे. पिशवीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढत नाहीत ना, हे रक्तातल्या एचसीजीवरून ओळखतात. मध्येच नवा गर्भ राहिला तर तेच हार्मोन वाढतं आणि दुखणं उलटलं की दिवस राहिले, हे कळेनासं होतं. म्हणून एचसीजी सामान्य झाल्यावरही काही महिने, अनेकदा सहा महिने, साधन वापरायला सांगतात. या काळातली रक्ततपासणीची एकही फेरी चुकवू नका.

दुसरं कारण औषधाचं. गर्भ नळीत राहिला होता आणि त्यासाठी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं असेल, तर साधारण तीन महिने थांबतात. हे औषध शरीरातल्या फॉलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतं, आणि नव्या गर्भाला सुरुवातीलाच सर्वांत जास्त गरज असते ती त्याचीच. एकदा गर्भ नळीत राहिला असेल तर पुढच्या वेळी तसं होण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते. त्यामुळे पुढचे दिवस राहिल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना, हे पाहून घ्या.

तिसरं कारण आपल्याकडे घरोघर आढळणारं, रक्त कमी असण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्यात गर्भपाताचा रक्तस्राव झालेला. हिमोग्लोबिन तपासा आणि कमी असेल तर लोहाच्या गोळ्या नेटाने घ्या. गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं शोषलं जातं. मळमळ होत असेल तर गोळी सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. हिमोग्लोबिन वर आल्यावरही शरीरातला साठा भरायला पुढचे काही महिने गोळी चालू ठेवावी लागते. विदर्भात, नंदुरबार-पालघरच्या पट्ट्यात किंवा तिथून आलेल्या कुटुंबांत सिकलसेलची तपासणी दोघांनीही करून घ्यावी.

साखर आणि थायरॉइड यांचंही असंच आहे. बाळाचं हृदय आणि मणका पहिल्या आठ आठवड्यांत आकार घेतात. तेव्हा कित्येकींना दिवस राहिल्याचं नुकतंच कळलेलं असतं, त्यामुळे साखर नंतर आटोक्यात आणू म्हणून चालत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी शक्यतो साडेसहाच्या खाली आणून मगच प्रयत्न सुरू करावेत. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी टीएसएच अडीचच्या खाली आहे का ते पाहावं, आणि पुढे पाळी चुकली की पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना कळवावं, कारण तेव्हा डोस वाढवावा लागतो. फेफरं, रक्तदाब, मुरमं किंवा सांधेदुखी यांवरच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका, प्रयत्न सुरू करण्याआधी बदलून घ्या. रुबेलाची लस घेतली नसेल तर हीच वेळ, ती घेतल्यावर एक महिना थांबायचं.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, हे कार्डावर शोधा. नोंद सापडली नाही तर पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. अंगात अँटिबॉडी तयार झाल्या आहेत का, हे साध्या रक्ततपासणीत कळतं.

चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या महिन्यात बाळ गेलं असेल तर ही गोष्ट वेगळी आहे, आणि ‘होतं असं कधीकधी’ या उत्तरावर समाधान मानू नका. पिशवीचं तोंड आपोआप उघडलं का, आधी कळा आल्या की पाणी गेलं, ताप होता का, या तपशिलांवर पुढचे उपचार ठरतात. घडलेलं जसं आठवतं तसं, क्रमाने लिहून ठेवा. काही महिन्यांनी ते धूसर होतं. पिशवीत पडदा असल्यास तो दुर्बिणीतून काढता येतो. तोंड सैल असल्याचा संशय असेल तर पुढच्या गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून सोनोग्राफीत तोंडाची लांबी मोजत राहतात आणि गरज पडली तर टाका घालतात. अशा बाबतीत प्रयत्न सुरू करण्याआधी एकदा तज्ज्ञांशी सविस्तर बोलणं झालंच पाहिजे.

असं का झालं, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत डॉक्टरांना विचारला जात नाही. तो बाईला विचारला जातो. जिना चढलीस का, पपई खाल्लीस का, रिक्षाने कशाला गेलीस, ग्रहणात बाहेर का आलीस. मला हे फार अन्यायाचं वाटतं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत, आणि वय जास्त असेल तर त्याहूनही अधिकांत, गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. बीज आणि शुक्राणू एकत्र येतात त्या वेळीच किंवा त्याच्याही आधी ही चूक झालेली असते. बाईने त्यानंतर काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली याचा तिच्याशी काही संबंध नसतो. पिकलेली पपई, रोजचं घरकाम, ऑफिसचा प्रवास, नवराबायकोचे संबंध यांनी निरोगी गर्भ पडत नाही. हा परिच्छेद घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.

कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १५ टक्के गर्भपातात संपतात, असं ‘लॅन्सेट’ने २०२१ मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून मांडलं. एका गर्भपातानंतर पुढच्या खेपेला पुन्हा तसं होण्याचं प्रमाण पाचात एक असतं, म्हणजे पाचांपैकी चौघींचं गरोदरपण पुढे जातं. तीन किंवा जास्त गर्भपात झाले असले तरी दहांपैकी सहाजणींचं पुढे जातं. वयाचा परिणाम याहून मोठा आहे. पंचविशी ते तिशीत गर्भपाताचं प्रमाण सर्वांत कमी, सुमारे १० टक्के असतं. पस्तिशीनंतर ते चढत जातं आणि पंचेचाळिशीला निम्म्याच्या वर जातं. म्हणूनच अडतीस वर्षांच्या बाईला कारणाशिवाय ‘वर्षभर थांबा’ म्हणणं हा निरुपद्रवी सल्ला नाही. त्या वर्षाची तिला किंमत मोजावी लागते.

तपासण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एका साध्या गर्भपातानंतर मोठ्या तपासण्यांची गरज नसते. हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच, रक्तगट एवढं पुरेसं आहे. सलग दोन गर्भपात झाले की कारण शोधायला लागावं. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही दोन गर्भपातांनंतर तपासणीची मुभा देतात, तिसऱ्याची वाट पाहायला सांगत नाहीत. या तपासणीत सर्वांत महत्त्वाची अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची रक्तचाचणी, कारण रक्त गोठवणारा हा दोष सापडला तर कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांचा खरोखर उपयोग होतो. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच शिक्का मारायचा नसतो. बारा आठवड्यांनी पुन्हा करून तीच आली तरच निदान पक्कं. तोवरचं थांबणं सकारण आहे. याशिवाय पिशवीचा आकार पाहणारी त्रिमितीय सोनोग्राफी आणि काही वेळा दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी करतात.

पडलेल्या गर्भाची गुणसूत्रं तपासायची असतील तर तो नमुना फॉर्मेलिनमध्ये नाही, सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात आणि ती तपासणी होऊ शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हे घडत असेल तर पिशवी धुण्याच्या आधीच डॉक्टरांशी याबद्दल बोलून घ्यावं. अशा क्षणी हे सुचणं अवघड असतं, म्हणून सोबतच्या माणसाने लक्षात ठेवावं. अहवालात गुणसूत्रांचा दोष निघाला, तर निदान त्या खेपेचं कारण कळतं आणि बाईच्या मनावरचं ओझं उतरतं.

आता पैसे कुठे घालवू नयेत ते. टॉर्च नावाची तपासणी आपल्याकडे आजही सर्रास लिहून दिली जाते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण तिच्यातून कळत नाही. जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाच्या खुणा सापडतात आणि विनाकारण औषधं सुरू होतात. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचारही काही ठिकाणी केला जातो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याची शिफारस नाही, उलट तो करू नये असंच म्हटलं आहे. महागडा उपचार कुणी सुचवला तर ‘माझ्या कोणत्या रिपोर्टवरून हा द्यायचा ठरवलात?’ असं शांतपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि सगळ्या तपासण्या करूनही निम्म्याहून अधिक जोडप्यांत कारण सापडत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. अशा जोडप्यांतल्या बहुतेकांना पुढे उपचाराशिवायही मूल होतं. कारण न सापडणं म्हणजे आशा संपणं नव्हे.

तयारी दोघांची आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, म्हणजे नवऱ्याने आज तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू सोडली तर फरक पडायला तेवढा काळ जाणार. बाईच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती दवाखान्यात विचारली जात नाही आणि घरात व्यसन म्हणून मोजलीही जात नाही: मिश्री. ती दातांना लावली तरी त्यातला तंबाखू हिरड्यांतून रक्तात जातो आणि गर्भापर्यंत पोचतो. पोट साफ होतं म्हणून, सवय म्हणून मिश्री लावणाऱ्या बायका गावात आणि शहरात दोन्हीकडे आहेत. प्रयत्न सुरू करण्याआधी ती सुटली पाहिजे. एकटीने सुटत नसेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून आणि पहिले तीन महिने. औषधाच्या दुकानात अनेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती जास्त ताकदीची आहे. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता, मधुमेह आहे किंवा फेफऱ्याची औषधं चालू आहेत, अशांना ती मुद्दाम देतात. तुम्हाला कोणती, ते विचारून घ्या. जेवणात वेगळं काही नको: भाकरी, डाळी-उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, खात असाल तर अंडी-मासे. घरचा छोटा कप असेल तर दिवसाला दोन-तीन कप चहाने बिघडत नाही. वजन खूप जास्त किंवा खूप कमी असेल तर त्याचा बीज सुटण्यावर परिणाम होतो, पण वजनाच्या एखाद्या आकड्यासाठी वर्ष घालवू नका. पाच-सहा किलो कमी झाले तरी अनेकींची पाळी नियमित व्हायला लागते.

दिवस कोणते धरायचे? बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येत असेल तर चौदाव्या दिवशी, पस्तीस दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. सगळ्यांनाच ‘बारा ते सोळा’ सांगणं म्हणूनच चुकीचं आहे. बीज एक दिवसभरच टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, त्यामुळे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस महत्त्वाचे. पण माझं ऐकाल तर तारखांच्या मागे फार लागू नका. गर्भपातानंतरच्या एकदोन पाळ्या मागेपुढे होतात आणि हिशेब चुकतो. पाळी थांबल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले तर काही मोजावं लागत नाही, आणि नवराबायकोतली जवळीक परीक्षेसारखीही होत नाही. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तज्ज्ञांना दाखवा. बाईचं वय पस्तीस किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांतच दाखवा. पाळी फार अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका.

शरीर तयार झालं म्हणजे मन झालंच असं नाही. काहींना लगेच प्रयत्न करावेसे वाटतात, काहींना किटकडे पाहवत नाही. दोन्ही स्वाभाविक आहे. नवराबायकोची मनं एकाच वेळी तयार होतील असंही नाही. नवरा गप्प असतो तेव्हा त्याला दुःख झालंच नाही असा अर्थ निघतो, आणि अनेकदा तो चुकीचा असतो. त्याने ‘झालं गेलं विसर’ म्हणण्यापेक्षा ‘मलाही वाईट वाटतंय’ एवढं म्हणावं. डोहाळजेवणाचं, बारशाचं आमंत्रण आलं आणि जाववत नसेल तर जाऊ नका. घरच्यांनी आग्रह करू नये. कुणी ‘काय मग, पुढचं काय?’ विचारलं तर ‘आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवतोय’ हे उत्तर पुरतं, त्यापुढे खुलासा करायची गरज नाही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं तर मदत घ्या. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

नोकरी करणाऱ्यांनी आपला हक्क माहीत करून घ्यावा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात, ज्यांना तो लागू होता अशा स्त्रियांना गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा होती, आणि त्यातून आजारपण उद्भवलं तर आणखी एक महिना. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सहा आठवड्यांची तरतूद कायम आहे. राज्य कामगार विम्याखाली येणाऱ्यांनाही हा लाभ मिळतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. साहेबांना सांगायला संकोच वाटतो म्हणून कित्येकजणी साधी आजारपणाची रजा टाकून चार दिवसांत कामावर रुजू होतात. कारण आस्थापना विभागालाच कळवायचं असतं, सगळ्या ऑफिसला नाही.

पुन्हा दिवस राहिले की पहिले आठवडे कठीण जातात. प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना धडधडतं, हे जवळजवळ सगळ्याजणी सांगतात. पहिली सोनोग्राफी साडेसहा ते सात आठवड्यांना ठेवा. पाचव्या आठवड्यात केली तर बाळाचे ठोके दिसत नाहीत आणि भीतीत भर पडते. ठोके दिसले की गर्भपाताची शक्यता बरीच खाली येते. त्यानंतर बाराव्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत मन धीर धरत नसेल तर नवव्या-दहाव्या आठवड्यात एकदा पाहून घ्यायला हरकत नाही. सोनोग्राफीने बाळाला इजा होत नाही.

पलंगावर पडून राहण्याने गर्भ टिकतो याला पुरावा नाही. उलट पायांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो आणि मन खचतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं आपल्याकडे सरसकट दिली जातात. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा फायदा प्रामुख्याने एका गटात दिसला: आधी गर्भपात झालेला आणि या खेपेला सुरुवातीला रक्तस्राव होत असलेल्या स्त्रिया. तुम्ही त्या गटात असाल तर योनीमार्गे ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. रक्तस्राव नसेल तर ‘मला याची गरज कशासाठी?’ हा प्रश्न इथेही विचारायचा आहे.

थोडा डाग दिसला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. डाग दिसूनही बाळ सुखरूप राहिलेली कितीतरी गरोदरपणं असतात. डाग हलका असेल, दुखत नसेल, तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. पण तासाला एक पॅड भिजू लागलं, गाठी पडल्या, एका बाजूला किंवा खांद्यात सतत दुखलं, चक्कर आली, ताप भरला, तर रात्र असली तरी तेव्हाच निघा. यासाठी पाळी चुकल्या दिवसापासूनच एका पिशवीत रक्तगटाचा कागद, आधीची डिस्चार्ज कार्डं, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट ठेवा. रात्री उघडं असणारं आणि रक्ताची सोय असणारं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे कोणत्या गाडीने जायचं, १०८ ला फोन कुणी करायचा, हे आधीच ठरवून घरातल्या निदान दोघांना सांगून ठेवा.